मला न सांगितलेलं खोटं

मनोहरकाका,

तुमच्या स्मरणसभेत मी बोलले नाही. कार्यक्रमात माझं नाव होतं, पाळकसाहेबांनी ते पुकारलंही. "आता मनोहररावांना मुलीसारखी असलेली शीला दोन शब्द बोलेल." मी बाकावरून उठले, बाजूच्या दाराने बाहेर पडले आणि पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले. चर्चच्या मंडळीतल्या लोकांना वाटलं, पोरीला रडू आवरत नाही. रडू नव्हतं ते. माझ्या आधी पल्लवी बोलली होती.

पल्लवीला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तुम्ही तिला किती वर्षं ओळखत होता, ती तुमच्या घरी कशी राहिली, तुम्ही तिच्यासाठी काय केलंत, यातलं काहीही मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. आणि ज्या माणसाला जाब विचारायचा तो दफनभूमीत, बाबांच्या दोन ओळी पलीकडे निजलेला आहे.

बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते आणि धाकटा भाऊ सचिन शाळेत. तुम्ही नात्याने आमचे कुणी नव्हता, बाबांचे संडेस्कूलपासूनचे मित्र एवढंच. दफनविधीवरून परत येताना तुम्ही आईला म्हणालात, "वहिनी, पोरांचं मी बघतो." आणि बघितलंत. मला खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम मिळालं तेव्हा पेढे घेऊन मी आधी तुमच्या शनिवार पेठेतल्या फ्लॅटवर आले होते. टेस्टिंग म्हणजे काय ते तुम्ही नीट समजून घेतलंत आणि म्हणालात, "म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा. आमच्या पेठेत हे काम लोक फुकट करतात."

तुम्ही कोर्टात कारकून होता. साक्षीदारांना शपथ देण्याचं काम तुमच्याकडे असायचं. "शपथ घेताना लोक छताकडे बघतात," तुम्ही सांगायचात, "आणि खोटं बोलताना माझ्या डोळ्यांत." त्या नोकरीने की शास्त्राने कोण जाणे, पण कायदा तुमच्या अंगात मुरला होता. पुण्यात हेल्मेट घालणारा माणूस एक तर परगावचा असायचा, नाही तर तुम्ही. रिकाम्या चौकात लाल दिव्याला तुम्ही स्कूटर उभी करायचात, मागचे हॉर्न वाजवायचे. एकदा मी तुमच्या मागे बसले होते. शेजारी येऊन एकाने काळजीने विचारलं, "आजोबा, गाडी बंद पडली का?" तुम्ही म्हणालात, "नाही, कायदा चालू आहे." मी इतकी हसले की पडले असते.

दर शनिवारी संध्याकाळी तुमच्या घरी शास्त्राचा वर्ग असायचा. आम्ही सात-आठ जण, खाली सतरंजी, मांडीवर बायबल, काकूंचे पोहे. विषय फिरून फिरून तिथेच यायचा, ख्रिस्ती माणसाने राज्याचा कायदा किती पाळावा. तुमचं उत्तर ठरलेलं होतं. सगळा पाळावा. सत्ता देवाच्या परवानगीने उभी असते, म्हणून कर भरावा, नियम पाळावेत, अधिकाऱ्याला मान द्यावा. देवाला नाकारा असं कायदाच सांगू लागला तर तेवढं ऐकायचं नाही. पण तेही उघड, तोंडावर सांगून, आणि मग जी शिक्षा होईल ती मुकाट भोगायची. "लपायचं नाही. खोटं बोलून सुटका करून घ्यायची नाही. तो आपला रस्ता नाही."

एका पावसाळ्यात मी तुम्हाला अडवलं होतं. मिसरातल्या त्या सुइणींचं काय, मी विचारलं. राजाने जन्मलेले मुलगे मारून टाका म्हणून हुकूम केला, त्यांनी बाळं वाचवली आणि राजासमोर साफ खोटं सांगितलं. तरी देवाने त्यांचं भलं केलं. मग? सगळे तुमच्याकडे बघायला लागले. तुम्ही बराच वेळ पान उलटत राहिलात आणि म्हणालात, "याचं उत्तर पुढच्या शनिवारी." पुढच्या शनिवारी तुम्ही दुसराच अध्याय काढलात. मी आठवण केली तर म्हणालात, "घाई काय आहे? सुइणी कुठे जातायत?" सगळे हसले. मीही हसले. तेवढ्यात विषय गेला तो गेलाच.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आमच्या घरावर ते आलं.

लोणी काळभोरला आईच्या चुलतभावाकडे लग्न होतं. परतताना सचिन गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी, आई मागे. दिवेलागणीची वेळ. गावातून मोठ्या रस्त्याकडे येताना ऊस दोन्हीकडे उभा होता आणि कडेने एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. सचिन फोनकडे बघत होता. मला आधी आवाज आला की आधी गवत काचेवर पसरलेलं दिसलं, हे मला अजून सांगता येत नाही. त्याने गाडी थांबवली. आरशात पाहिलं. शेतातून माणसं धावत येत होती. आणि त्याने गाडी काढली. मी "थांब, थांब" म्हणत होते. आई मागून म्हणत होती, "चल बाबा, चल, मारून टाकतील तुला."

ती बाई दवाखान्यात नेईपर्यंत गेली. शेवंताबाई तिचं नाव.

कुणीतरी गाडीचा रंग सांगितला, कुणी लग्नघराचं नाव सांगितलं, आणि पोलीस दोन दिवसांत आमच्या दारात आले. आईने आणि सचिनने सांगितलं, आम्ही जेवणं झाल्यावर दुपारीच निघालो, उन्हं असताना घरी होतो. लोणीचे मामाही तसंच सांगायला तयार झाले. पुढची काच सचिनने आदल्याच दिवशी बदलून आणली होती. राहिले मी. मी ऑफिसात होते म्हणून माझा जबाब राहिला होता. तुमच्या मुलीला उद्या पाठवा, असा निरोप ठेवून पोलीस गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्याकडे आले. ते बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे, कारण पुढे कित्येकदा मी तेच हातात धरून उभी राहिले.

"काका, तो माझा भाऊ आहे."

"माहीत आहे. मी त्याला कडेवर घेऊन फिरवलंय."

"आई म्हणते, गेलेली बाई काही परत येणार नाही."

"बरोबर आहे. पण ती कशाने गेली हे तिच्या माणसांना कळायला नको?"

"मी काहीच बोलले नाही तर? झोप लागली होती म्हणाले तर?"

"लागली होती का?"

मग मी शेवटचं विचारलं. "म्हणजे कुठेच मुभा नाही? एवढं मोठं शास्त्र, त्यात कुठेच नाही?"

तुम्ही चष्मा काढून सदऱ्याला पुसलात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "नाही, शीला. कुठेच नाही. असती तर मी तुला सांगितली असती."

लीलाकाकू चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या तशाच आत गेल्या. त्या दिवशी चहा बाहेर आलाच नाही. मला तेव्हा वाटलं, माझ्या दुःखाने त्यांना सुचेनासं झालं असेल.

तुम्ही माझ्याबरोबर चौकीत आलात. जबाब होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिलात. केस उभी राहिली, तारखा पडत गेल्या आणि एक दिवस मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिले. सचिन समोर होता. मी दुकानातून त्याच्यासाठी आणलेला निळा शर्ट त्याने घातला होता. मी सगळं सांगितलं, फोनचं, आरशाचं, काचेचं. त्याच्या वकिलाने मला विचारलं की तुमचं भावाशी वैर आहे का. मी नाही म्हणाले. सचिन तेव्हा पहिल्यांदा खाली बघायला लागला.

बाहेर व्हरांड्यात शेवंताबाईंचा नवरा उभा होता. डोक्याला पटका, हातात काठी. तो माझ्याजवळ आला. "बाई, तुमी खरं बोललात. आमच्यासाठी लई झालं." मग म्हणाला, "पर त्यो तुमचा भाऊ हाय ना. आता घरात घ्येतील का तुमास्नी?"

नाही घेतलं. माझ्या बॅगा भरून दारात ठेवलेल्या होत्या. आई म्हणाली, "तुझं शास्त्र तुला लखलाभ. मला एकच लेकरू होतं असं मी समजते." सचिनला सजा झाली. नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. सुटून आल्यावर तो आईला घेऊन साताऱ्याकडच्या सख्ख्या मामाकडे राहायला गेला. आई अजून माझा फोन उचलत नाही. मी खराडीत एका खोलीवर राहायला गेले ती तिथेच आहे.

हे मी तुम्हाला सांगायला नको, तुम्ही सगळं पाहिलंय. त्या खोलीतल्या पहिल्या नाताळला लिफ्ट बंद होती आणि तुम्ही करंज्यांचा डबा घेऊन सगळे जिने चढून आलात. दम खात दारात उभे राहिलात आणि म्हणालात, "काकूंनी चकल्याही दिल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर त्या माझ्याकडून संपल्या." त्या दिवशी मी कितीतरी महिन्यांनी हसले. तुम्ही नसता तर मी त्या वर्षात काय केलं असतं मला ठाऊक नाही. हे उपकार मी विसरलेले नाही आणि आजही, एवढ्या रागातही, ते मी बाजूला काढून ठेवत नाही.

आणि खरं बोलल्याचा मला पश्चात्तापही नाही. हे नीट ऐका, कारण मंडळीत काही जणांचा तसा समज झालाय. तो म्हातारा माणूस कोर्टातून घरी गेला तेव्हा त्याला निदान माहीत होतं की त्याची बायको कशी गेली. एवढं त्याचं होतं, ते त्याला मिळालं. पण मी तिथे उभी राहू शकले ती एका गोष्टीच्या जोरावर. मला वाटत होतं, माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही हेच केलं असतं. तुम्ही कधीच, कुठेच, कुणासाठीच खोटं बोलला नसता.

मग तुमच्या सभेत ती मुलगी उठली.

साधा सलवार-कमीज, कडेवर लहान मूल. "मी तुमच्यातली नाही," तिने सुरुवात केली. "मी यवतमाळकडची. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्यात आले होते. शनिवार पेठेत, काकांच्या वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर राहायचे." तिला तिच्याबरोबर अभ्यास करणाऱ्या एका मुलाशी लग्न करायचं होतं. मुलगा दुसऱ्या जातीचा. घरच्यांनी तिला गावी बोलावून कोंडलं, भावांनी मारताना तिचा हात मोडला. ती पळून पुण्यात आली ती थेट तुमच्या दारात. काकूंनी तिला आतल्या खोलीत ठेवलं. दोन दिवसांनी तिचे भाऊ आले, बरोबर ओळखीचा एक हवालदार घेऊन.

"मी आतल्या खोलीत होते," पल्लवी म्हणाली. "मला सगळं ऐकू येत होतं. काका दारात उभे राहिले. म्हणाले, इथे कुणी मुलगी नाही. भाऊ म्हणाला, आत बघू द्या. तर काका हवालदाराला म्हणाले, मी जन्मभर कोर्टात लोकांना शपथा दिल्यात. ख्रिस्ती माणूस आहे. मी खोटं बोलत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तो हवालदार काकांना कोर्टापासून ओळखत होता. तो म्हणाला, साहेब नाही म्हणतात म्हणजे नसणारच. आणि ते गेले."

सभेत लोक रडत होते आणि हसतही होते. पाळकसाहेबांनी रुमाल काढला. "देव असलाच," पल्लवी म्हणाली, "तर त्या दिवशी तो दारात उभा होता." मी मात्र एकच गोष्ट मोजत बसले होते. हे कधी झालं? आधी की नंतर?

सभा संपल्यावर मी तिला पार्किंगमध्ये गाठलं. ती म्हणाली, ताई, घरी चला, चहा घेऊ. मी तिच्या मागोमाग तिच्या घरी गेले. ते कुठे आहे ते मी इथे लिहीत नाही. तिच्या नवऱ्याने चहा केला. तिने मला हाताचं हाड जिथे वेडंवाकडं जुळलंय ती जागा दाखवली, आणि मी विचारलं, "हे केव्हाचं?"

तिने वर्ष सांगितलं. उन्हाळा म्हणाली.

सचिनच्या अपघाताआधीचा उन्हाळा, काका. सुइणींच्या आधीचा. म्हणजे मी तुमच्यासमोर बसून कुठेच मुभा नाही का म्हणून विचारत होते, तेव्हा तुम्ही ती मुभा घेऊन बसला होता. स्वतःच्या हाताने घेतलेली. आणि तीही साधी नाही. तुमच्या खरेपणावर आख्ख्या कोर्टाचा जो विश्वास होता, तोच खर्चून घेतलेली. आणि मला म्हणालात, असती तर सांगितली असती.

पुढच्या आठवड्यात मी काकूंकडे गेले. त्या तुमचे कपडे द्यायला म्हणून घड्या घालत होत्या. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "पल्लवी बोलली तेव्हा मी तुझ्याचकडे बघत होते."

"काकू, मला का नाही सांगितलं?"

"मी भांडले होते त्यांच्याशी. तू सचिनचं विचारायला आली होतीस ना, तू गेल्यावर. म्हटलं, पोरीला आपलंही सांगायला हवं होतं. तर म्हणाले, सांगितलं असतं तर तिने तेवढंच ऐकलं असतं. भावासाठी खोटं बोलली असती आणि त्याला कारण मी झालो असतो."

मग त्यांनी आणखी एक सांगितलं. पल्लवीच्या त्या प्रसंगानंतर तुम्ही प्रभुभोजनाला पुढे जाणं सोडलं होतं. मला आठवलं. भाकर आणि प्याला घ्यायला सगळे वेदीपाशी जायचे आणि तुम्ही बाकावर बसून राहायचात. मी विचारलं तेव्हा गुडघ्यांचं कारण सांगितलं होतंत.

"गुडघे खरंच दुखायचे," काकू म्हणाल्या. "पण त्यासाठी नाही."

"काकांनी पाळकसाहेबांशी बोलायला हवं होतं. त्यांनी क्षमेची प्रार्थना केली असती."

"तेच नको होतं त्यांना. म्हणायचे, क्षमा मागायची तर पुन्हा करणार नाही असं म्हणावं लागतं. आणि ती मुलगी पुन्हा दारात आली तर मी पुन्हा तेच करीन." काकूंनी तुमच्या पांढऱ्या शर्टाची बटणं लावली, परत काढली. "शेवटपर्यंत गेले नाहीत पुढे."

मी हे ऐकून विरघळायला हवं होतं. काकूंना बहुतेक तीच अपेक्षा होती. मी जास्त चिडले. तुम्ही इतकी वर्षं एकटे या गोष्टीशी झगडत होता, दर रविवारी माझ्या शेजारच्या बाकावर बसून, आणि मला त्यातलं काही दिलं नाहीत. मला नियम दिलात. त्या नियमापायी तुम्हाला स्वतःला काय होतंय, ते घरात ठेवलंत.

आणि काका, फरक मला कळला असता. इतकी मूर्ख मी नव्हते. पल्लवी सज्ञान होती. तिला हवं तिथे राहण्याचा, हव्या त्या माणसाशी लग्न करण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला होता. त्या हवालदाराकडे कागद नव्हता, हुकूम नव्हता, तो भावांच्या ओळखीने आला होता. कायदा त्या दिवशी तुमच्या दाराबाहेर नव्हताच, तो आत होता, मोडका हात गळ्यात बांधून बसलेला. तुमचं खोटं मार खाणाऱ्याच्या बाजूने होतं. माझं खोटं गाडी पळवणाऱ्याच्या बाजूने झालं असतं. हे सगळं मला आज एका दमात सुचतंय. तुमच्याबरोबर एक शनिवार बसले असते तर तेव्हाही सुचलं असतं. तुम्ही मला एवढंही जोखलं नाहीत. जिने तुमच्या शब्दावर भाऊ आणि आई दोन्ही गमावली, तिच्यावर तुमचा तेवढा भरवसा नव्हता.

हे मी इथेच थांबवणार होते. पण मधे एक गोष्ट घडली आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

तुमची सभा मंडळीतल्या कुणीतरी परदेशातल्या नातेवाइकांसाठी फोनवरून लाइव्ह दाखवली होती. ती फिरत फिरत यवतमाळला पोचली. दोन रविवारांनी उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात एक माणूस माझ्याकडे आला. मला वाटलं होतं त्यापेक्षा तरुण, किरकोळ अंगाचा, हातात कुरड्यांची पिशवी.

"शीला मॅडम तुम्हीच न? मी पल्लवीचा भाऊ. इथं लोकं म्हणते, तुम्ही खोटं बोलत नाही. सख्ख्या भावाच्या विरोधात साक्ष देल्ली म्हणते तुम्ही."

"दिली."

"मंग सांगा न. कुठी राहते पल्लवी?"

माझ्या मनात तुमचं ते ‘नाही’ आलं. आणि त्या क्षणी, काका, मला तुमच्यापेक्षा सरस व्हायचं होतं. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "मला माहीत आहे. पण मी सांगणार नाही."

तुम्हीच शिकवलेलं होतं ते. उघड नकार. ना खोटं, ना घात. इतकं साधं उत्तर तुम्हाला का सुचलं नाही, असं मला वाटलं.

"मायची तब्येत बरी नाही," तो म्हणाला. "तिले एकडाव लेकीले पाहाचं आहे."

"तुमचा नंबर द्या. मी तिला देते. काय करायचं ते ती ठरवेल."

त्याने नंबर दिला. "म्हणजे भेटता तुम्ही तिले," एवढंच म्हणाला आणि कुरड्यांची पिशवी माझ्या हातात देऊन निघून गेला.

दोन दिवसांनी मी ऑफिसातून निघाले तर तो खराडीत आमच्या गेटबाहेर उभा होता. बरोबर दोन मोटरसायकली आणि आणखी तिघे. मी स्कूटर काढली तशी त्यांनी गाड्या चालू केल्या. त्या संध्याकाळी मी पल्लवीकडेच निघाले होते, तो नंबर द्यायला. माझी स्कूटर कशी वळली मला आठवत नाही. मी तडक पोलीस चौकीत गेले, तक्रार दिली आणि तिथूनच पल्लवीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मागे मूल रडत होतं. मग तिने फोन ठेवला.

चौकीतल्या माणसाने तक्रार नीट लिहून घेतली. भला माणूस होता. त्या चौघांना बोलावून समज देतो म्हणाला. मग पेन खाली ठेवून त्याने मला विचारलं, "पण मॅडम, मला पत्ता माहीत आहे असं तुम्ही त्याला सांगितलंतच कशाला? नाही माहीत म्हणायचं आणि मोकळं व्हायचं."

पोलिसाने, वर्दीतल्या माणसाने विचारलं होतं ते. तुम्ही असता तर काहीतरी खवचट बोलला असता.

पल्लवीने आणि तिच्या नवऱ्याने त्याच संध्याकाळी घर सोडलं. थाटलेलं बिऱ्हाड, मुलाचं पाळणाघर, नवऱ्याची जवळची नोकरी, सगळं तिथेच टाकून. माझ्या एका खऱ्या वाक्यामुळे.

काल तिचा फोन आला. ठीक आहोत म्हणाली. स्वतःच्या आईची चौकशीही तिने गावातल्या मैत्रिणीकडून केली होती. आई धडधाकट होती, भाऊ मला भेटला त्या दिवशी शेतावर गेलेली होती.

"नवीन घर कुठे घेतलंत?" मी विचारलं.

"ताई, राग मानू नका. ते मी तुम्हाला नाही सांगणार."

"मी कुणाला सांगितलं असतं का? त्यालाही नाही सांगितला मी पत्ता."

"नाही सांगितला, माहीत आहे मला. पण तुम्हाला कुणी विचारलं तर मला माहीत आहे एवढं तरी तुम्ही म्हणाल. तुम्हाला दुसरं येत नाही. म्हणून तुम्हाला माहीतच नसलेलं बरं."

तिच्या आवाजात राग नव्हता. मुलाच्या दाताविषयी बोलली, काकूंची चौकशी केली, नाताळला काकूंकडे यायचं बघते म्हणाली. तुम्ही काकूंना जे म्हणाला होतात तेच हे होतं. शीलाला सांगण्यात धोका आहे. फक्त तुम्हाला वाटलं होतं मी खोटं बोलेन, आणि तिला वाटतं मी खरं बोलेन. दोघांनीही मला बाहेर ठेवलं. आणि तिचं मला पटलं, काका. तिच्या जागी मी असते तर मीही सांगितलं नसतं.

म्हणून तुमचंही पटायला हवं होतं. रात्रभर मी ते पटवून घ्यायचा प्रयत्न केला. दारात उभे राहून तुम्ही ‘नाही’ म्हणालात ते आता मला पूर्ण पटतं. माझ्यासारखं उघड उत्तर देऊन चाललं नसतं, ते मी करून पाहिलं. पण माझ्यासमोर बसून, चष्मा पुसत तुम्ही जे ‘नाही’ म्हणालात, ते पटत नाही. पल्लवीने निदान तोंडावर सांगितलं की काहीतरी आहे आणि ते ती मला सांगणार नाही. तुम्ही तेवढं तरी करायचं होतंत.